सहीच्या आधीचा तास

"भाऊ, सही कुठं करू?"

तहसीलच्या आवारात दस्तलेखक म्हणून बसायला लागून मला बरीच वर्षं झाली. समोरच्या खुर्चीवर टेकलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. काय लिहिलंय, असं विचारणारा क्वचित भेटतो. ही अडाणी माणसं नाहीत. अंगठा उठवणारी पिढी आता थकून घरी बसली. आता येतो तो दहावी झालेला, बारावी झालेला, कधी पदवीधर. मोबाइलवर दिवसभर काही ना काही वाचत असतो. पण बाँडवर टाइप केलेली दीड पानं हातात दिली की त्याची नजर मधला सगळा मजकूर ओलांडून थेट खाली जाते, मी पेन्सिलनं फुली मारलेल्या जागेवर.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बसतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं येणारी माणसं तिथलीच आहेत आणि त्यांनी विश्वासानं आपली कागदं माझ्यापुढं उघडली आहेत.

हायस्कूलनं पोरांना पुढच्या आयुष्यासाठी काय शिकवावं, हा विषय निघाला की लोक बरंच काही सुचवतात. स्वयंपाक शिकवा, पोहणं शिकवा, इंग्रजी बोलायला शिकवा, कॉम्प्युटर शिकवा. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. पण आमच्या भागात माणूस मोठा झाला हे कळतं ते त्याच्यापुढं पहिला कागद सरकवला जातो तेव्हा. बाप गेल्यावरची वारसनोंद, मोटारसायकलचं कर्ज, मित्राला जामीन, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, दवाखान्यातलं संमतीपत्र. हे सगळं अठरा-वीस ते तिशीच्या आत होऊन जातं आणि पुढची चाळीस वर्षं त्याचे परिणाम भोगत जगावं लागतं. म्हणून माझं मागणं एकच आहे. ज्या कागदावर उद्या सही करायची आहे तो वाचायला शाळेनं शिकवावं, आणि वाचून न कळलेलं टेबलापलीकडच्या माणसाला न घाबरता विचारायला शिकवावं.

गेल्या उन्हाळ्यात एक कुटुंब आलं होतं. दोघे भाऊ, म्हातारी आई, आणि चाळिशीची बहीण. बाप वारलेला. बहिणीचं हक्कसोडपत्र करायचं होतं. भाऊ वाईट नव्हते. बापाच्या आजारपणात त्यांनीच पैसा ओतला होता, आणि बहिणीनं हिस्सा सोडायचा ही रीतच आहे असं ते मनापासून मानत होते. बहिणीबरोबर तिची नववीतली मुलगी आली होती, सुट्टीला मामाकडं.

माझा एक नियम आहे. दस्त तयार झाला की मी तो सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. लोक चुळबुळतात, कुणी फोन काढतो, कुणी म्हणतं, "कशाला भाऊ, तुम्ही लिहिलंय म्हणल्यावर बरोबरच असंल." तरी मी वाचतो. 'यापुढे सदर मिळकतीत माझा अथवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही' या ओळीवर आलो तेव्हा ती नववीतली पोरगी म्हणाली, "माझ्या वारसांचा म्हणजे माझा पण का?"

मोठा मामा म्हणाला, "तू गप बस गं." पण तिच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. "व्हय का भाऊ? मंजी माहेर तुटलं का?"

मी म्हणालो, "ताई, माहेर कागदानं तुटत नाही. जमिनीतला हिस्सा मात्र तुटतो."

मग तिनं तो दस्त माझ्या हातातून घेतला आणि ओळीखाली बोट ठेवून स्वतः वाचला. मधेच अडायची, तिथं मुलगी सांगायची. गट नंबर आला, चतुःसीमा आल्या, पूर्वेला कुणाचं शेत, पश्चिमेला कोणता ओढा. हे तिला पाठ होतं. लग्नाआधी त्याच शेतात तिनं कापूस वेचला होता. वाचून झाल्यावर म्हणाली, "आठ दिवस थांबा." आठ-दहा दिवसांनी सगळे परत आले. विहिरीकडचे वीस गुंठे तिनं स्वतःच्या नावावर ठेवायचे आणि बाकीचं सोडायचं, असं घरात ठरलं होतं. भाऊ थोडे नाराज होते, पण बरोबर आले होते. तिनं सगळं सोडलं असतं तरी तो तिचा अधिकार होता. फक्त आपण काय सोडतोय हे तिला सही करताना माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा, ही दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्येच केली होती. देशभरासाठीचा कायदा ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. त्या तारखेला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हे आमच्याकडच्या किती मुलींना शाळेत सांगितलं जातं? आणि शाळेत नाही सांगितलं तर कुठं सांगणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा पूर्ण होण्याआधी लग्न झालेल्यांचं प्रमाण परभणी जिल्ह्यात ४८ टक्के होतं आणि बीडमध्ये ४४ च्या आसपास. म्हणजे आमच्याकडच्या जवळजवळ दर दुसऱ्या मुलीला हायस्कूल हीच शेवटची शाळा. कॉलेजात शिकेल, पुढं कळेल, असं म्हणायला तिच्याबाबतीत जागाच नाही. जे सांगायचं ते आठवी-नववीतच सांगायला हवं. मुलीचं लग्न अठराच्या आत आणि मुलाचं एकविसाच्या आत लावणं गुन्हा आहे, आणि १०९८ वर फोन करता येतो, हेही तेव्हाच.

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. तिची पुस्तकं मी चाळत असतो. गणिताच्या पहिल्या भागात 'अर्थनियोजन' नावाचं अख्खं प्रकरण आहे. जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी. नववीच्या पुस्तकातही याच नावाचं प्रकरण आहे, त्यात बचत आणि आयकर. चक्रवाढ व्याज तर आठवीतच येऊन जातं. मराठीत उपयोजित लेखनाला पत्रलेखन आहे, मागणीपत्र आणि विनंतीपत्र. पुस्तकं करणाऱ्यांनी विचार केलेला आहे, हे मान्य केलंच पाहिजे. अभ्यासक्रमात व्यवहार नाही अशी ओरड करणाऱ्यांनी ती पुस्तकं एकदा उघडून पाहावीत.

अडतं ते पुढं. माझ्या लेकीला सीजीएसटी आणि एसजीएसटीचं उदाहरण झटक्यात सुटतं. पण जून महिन्यात आम्ही दोघं बियाणं आणायला गेलो, दुकानदारानं कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, तेव्हा पुस्तकातलं पक्कं बिल मागायची हीच ती जागा हे तिच्या लक्षात आलं नाही. मी पक्की पावती मागितली. घरी आल्यावर तिला सांगितलं की पावती, पिशवीवरचा टॅग आणि मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत जपून ठेवायचं. २०२० च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारींचा पूर आला होता, औरंगाबाद खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वेळी आमच्या आवारात अर्ज लिहायला रांग लागायची. मी प्रत्येकाला पहिलं विचारायचो, "पावती आहे का? लॉट नंबर आहे का?" ज्याच्याकडं होतं त्याचा अर्ज उभा राहायचा. बाकीच्यांचं दुःख तेवढंच खरं होतं, पण कागदावर मांडायला हातात काही नव्हतं. ते रान दुबार पेरायला लागलं, पुन्हा उसनवारी झाली.

आणि उसनवारीचं व्याज आमच्याकडं टक्के-साल असं कुणी बोलत नाही. शेकडा तीन, शेकडा पाच असं बोलतात, म्हणजे शंभराला महिन्याला पाच रुपये. कानाला लहान वाटतं. पन्नास हजार घेतले तर वर्षाला नुसतं व्याज तीस हजार. आणि व्याज दर महिन्याला मुदलात मिळवत गेले, तर बारा महिन्यांनी देणं होतं जवळपास ८९,८०० रुपये. आठवीतल्या सूत्रानं हे कुठलंही पोर काढू शकतं. पण पुस्तकातल्या उदाहरणात दर साल दर शेकडा असतं, बँक असते आणि व्याज बहुधा मिळवायचं असतं. आपला बाप जे देतोय ते हेच व्याज, हा धागा वर्गात कुणी जोडून देत नाही.

जामीनकीबद्दल तर मला तळमळून सांगावंसं वाटतं. "नुसती सही पाहिजे रे, पैसे मीच भरणार" असं म्हणत मित्र येतो, आणि आपल्याकडं मैत्रीत नाही म्हणणं जड जातं. भारतीय करार कायदा १८७२ सालचा, त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. म्हणजे आधी कर्जदाराकडं जा, तिथं नाही मिळालं तर मग माझ्याकडं या, असं म्हणायची सोय बहुतेक वेळा जामीनदाराला नसते. एक पोरगा यायचा माझ्याकडं, एमए झालेला, भरतीची तयारी करणारा. मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला. मित्राचे हप्ते थकले आणि याचं सिबिल खराब झालं, स्वतःच्या शेळीपालनाचं कर्ज अडलं. बँकेची नोटीस टपालानं आली तर त्यानं पाकीटच घेतलं नाही. पाकीट घेतलं नाही म्हणजे नोटीस लागू होत नाही, अशी आमच्याकडं पक्की समजूत आहे. पत्ता बरोबर असेल आणि पाकीट नाकारलं असेल तर ती पोचलीच असं धरतात. चेक बाउन्सच्या नोटिशीत तर ती पोचल्यापासून पंधरा दिवस असतात पैसे भरून प्रकरण मिटवायला. तेच पंधरा दिवस आपली माणसं पाकीट कोनाड्यात ठेवून घालवतात, आणि सोळाव्या दिवसानंतर माझ्याकडं येतात.

दोनेक वर्षांपूर्वी जवळच्या गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापक बाईंना हे सगळं बोलता बोलता सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग या ना शनिवारी, तुम्हीच घ्या तास." मी मुलांना आदल्या दिवशी एवढंच कळवायला सांगितलं, की घरातला असा एक कागद आणा ज्यावर आईची किंवा बापाची सही आहे, नाहीतर अंगठा आहे. विचारून आणा. आणि नावावर कागदाची पट्टी चिकटवून आणा, म्हणजे कुणाची उघड चर्चा व्हायला नको.

काय काय आलं त्या वर्गात! सातबारे तर होतेच. बचत गटाच्या कर्जाचं कार्ड, सोनं तारण ठेवल्याची पावती, मोटारसायकलच्या कर्जाचा करार, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, फार्मर आयडीची पोच, ऊसतोडीच्या उचलीची नोटरी. एका मुलानं शाळेचाच प्रवेश अर्ज आणला. त्याच्या आईनं आयुष्यात सही केलेला तेवढा एकच कागद घरात होता.

आधी सातबारा घेतला. वरचा भाग गाव नमुना सात, जमीन कुणाची ते सांगणारा. खालचा बारा, त्यात काय पेरलं ते. भोगवटादार वर्ग १ असेल तर विकायला सहसा आडकाठी नाही, वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे एका पोराला तिथंच कळलं आणि तो म्हणाला, "सर, आमचं २ हाय, आन् आबानं इसार घेतलाय." इसार म्हणजे विक्रीचे आगाऊ पैसे. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आबांना उद्याच पाठव. नावाभोवती कंस असला म्हणजे त्या माणसाचा हक्क कमी झालेला, आणि कोणत्या फेरफारानं, म्हणजे नोंदीतल्या बदलानं, झाला तो नंबर शेजारीच असतो. पोटखराबा म्हणजे पिकाला उपयोगी नसलेली जमीन. इतर अधिकारात बँकेचा बोजा दिसतो, कर्ज फिटलं तरी तो आपोआप निघतोच असं नाही, अर्ज द्यावा लागतो. एका मुलीनं विचारलं, "चुलत्याचं नाव आहे आन् पुढं ए.कु.मॅ. लिहिलंय. आमच्या पप्पांचं नावच नाही. कामून?" एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्याच्या नावानं सगळ्यांची जमीन लावायची जुनी पद्धत. हक्क बाकीच्यांचाही असतो, पण नोंद वेळेत करून घेतली नाही तर पुढच्या पिढीला कोर्ट दिसतं. आमच्या आवारातले निम्मे चेहरे या तीन अक्षरांपायी तिथं येतात, असं म्हटलं तरी चालेल.

आणि हीच पोरं घरातला डिजिटल कारभार बघतात! ई-पीक पाहणी २०२१ पासून आली, शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करायची. बापाला ॲप जमत नाही, म्हणून बांधावर उभं राहून फोटो काढतं ते नववीतलं पोरगं. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा उतरवून घेतं तेच. कारभार त्यांच्या हातात आधीच आलाय. त्याचा अर्थ सांगणारं कुणी नाही.

मोटारसायकलच्या कराराला गणिताचे सर स्वतः उठले. एक लाख कर्ज, बारा टक्के, तीन वर्षं. मुलांनी आकडा काढला, व्याज छत्तीस हजार, हप्ता ३,७७८ रुपये. बरोबर. मग सरांनी विचारलं, "दर महिन्याला थोडं मुद्दल फिटतंय ना? मग शेवटच्या वर्षीही व्याज पूर्ण लाखावर का लागतंय?" वर्ग थांबला. उरलेल्या मुदलावर हिशेब केला तर हा दर २१ टक्क्यांच्या आसपास पडतो. शोरूमच्या फलकावर मात्र बारा असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कर्जाबरोबर एक गोषवारा द्यावा लागतो, सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती ते त्यात छापलेलं असतं, आणि तो ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत द्यायचा असतो. मागितला पाहिजे. त्यासाठी असा कागद असतो हे माहीत पाहिजे.

उचलीची नोटरी आणणारी मुलगी शेवटच्या बाकावर बसली होती. स्वतःहून पुढं आली नाही, मीच गेलो. बीडला राहणाऱ्याला कोयता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आधी उचल देतो, आणि ती अंगावरून फिटेपर्यंत तोडायचं. त्या कागदात लाखाची उचल होती, आणि खाली एक कोरा चेक दिल्याचा उल्लेख. फळ्यावर आम्ही हिशेब मांडला. टनाला साडेतीनशे धरू. दोघांनी दिवसाला दोन टन तोडले तर सातशे. लाखाला सातशेनं भागलं की १४३ दिवस, जवळजवळ पाच महिने. म्हणजे एकही दिवस आजारी न पडता, एकही खाडा न होता हंगाम गेला तर नुसती उचल फिटते. त्यात तिथलं खाणं, औषधपाणी धरलेलंच नाही. ती मुलगी फळ्याकडं बघून म्हणाली, "म्हणून पुन्हा उचल घ्यावी लागती." तिला हे आधीच माहीत होतं. आकड्यात पहिल्यांदा दिसलं.

मी तिला सांगितलं ते इथंही लिहितो. उचल घ्यायची वेळ येईल, ती टळत नाही. पण कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या बाँडवर सही द्यायची नाही, आकडा आणि तारीख स्वतःसमोर लिहून घ्यायची. मुकादमाच्या वहीत रोज किती टन लिहिले तेच आपल्या वहीत लिहायचं. ही वही मुलीनंच ठेवावी, कारण फडावर तीच बहुतेक घरातली सगळ्यात शिकलेली असते.

डिस्चार्ज कार्डाकडं वळलो तेव्हा मुख्याध्यापक बाईंनी मुलांना मैदानावर पाठवलं आणि मुलींना थांबवलं. पुढचं त्यांनीच घेतलं आणि फार नीट घेतलं, असं मला नंतर कळलं. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. खाड्याची भीती, दुखणं, कर्करोगाची घातलेली भीती, कारणं अनेक. पण प्रत्येक ऑपरेशनच्या आधी एक संमतीपत्र असतं, आणि त्यावर सही असते. ऑपरेशन कशासाठी, दुसरा उपाय आहे का, सरकारी दवाखान्यात एकदा दाखवून येऊ का, हे विचारायचं धाडस अठराव्या वर्षी अचानक कुठून येईल? ते आधी वर्गात यायला पाहिजे, जिथं प्रश्न विचारल्यावर कुणी हाकलून देत नाही.

विचारण्याचंच बघा. शाळा दहा वर्षं मुलांना उत्तरं द्यायला लावते. प्रश्न बाई विचारणार, उत्तर मुलानं द्यायचं. कचेरीत नेमकं उलटं असतं, तिथं प्रश्न आपण विचारायचा असतो. ज्यानं तो कधी विचारलाच नाही तो खिडकीपुढं "साहेब, तेवढं बघा ना" म्हणत हात जोडून उभा राहतो. आमच्या गावात १५ ऑगस्टला झेंडावंदन होतं, पोरांना बिस्किटं वाटतात आणि घरी सोडतात. त्याच दिवशी ग्रामसभा असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी ती घ्यायची रीत आहे. नववी-दहावीच्या मुलांना घरी न सोडता मागच्या सतरंजीवर बसवलं, तर नागरिकशास्त्राचं अर्धं पुस्तक तिथंच वाचून होईल. दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत माहिती मिळते, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचं वाक्य पाठ करण्यापेक्षा वर्गानं मिळून एक अर्ज करावा, शाळेच्याच पाणीटाकीबद्दल. उत्तर आलं की ते वाचावं, नाही आलं की अपील कसं करतात ते बघावं.

आमच्या मराठवाड्याला हे जास्त कळायला हवं. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा. खेड्यातल्या माणसाच्या जमिनीचा कागद त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत होता, तो ज्याला वाचता येई त्याच्या दारी जावं लागे. त्या काळात १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तिथं आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरीत मुख्याध्यापक होते. लोकांच्या भाषेतून शिकवणं हेच तेव्हा मोठं काम होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, त्यानंतर कारभाराची भाषा बदलली, कागद मराठीत आला. अजूनही जुन्या वादात १९५४ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचं जुनं पत्रक, काढावं लागतं, आणि २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला निघाले तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना गाठत फिरावं लागलं. एका जुन्या ओळीवर केवढं अवलंबून असतं ते सगळ्यांनी पाहिलं. पण आज कागद मायबोलीत असूनही माणूस तो दुसऱ्याकडूनच वाचून घेतो, हे मला सहन होत नाही. माझा धंदा त्यावर चालतो, तरीही नाही.

शिक्षक म्हणतील, आमच्यामागं आधीच याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. खरं आहे. त्यांच्यावर अजून एक विषय लादावा असं मी म्हणतच नाही. तलाठी, बँकेतला माणूस, दवाखान्यातली नर्स, टपालवाला, माझ्यासारखा एखादा दस्तलेखक, हे सगळे गावापासून हाकेच्या अंतरावर असतात. वर्षातले थोडे शनिवार पुरतील. पालक म्हणतील, लातूरला नीटच्या क्लासला पाठवायचंय, गुण महत्त्वाचे. लातूर पॅटर्ननं या भागातली कितीतरी खेड्यातली पोरं डॉक्टर केली, त्याचा मला अभिमान आहे. पण डॉक्टर झालेल्यालाही सातबाऱ्यावर नाव लावायचंच असतं, आणि फ्लॅटचा करारनामा त्याच्याही पुढं येतो. आणि ज्याला नीट वाचताच येत नाही त्याचं काय, हा प्रश्न सगळ्यात कठीण. २०२३ च्या 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचू शकला नव्हता. अशा मुलाला मी वर्गात पाहिलं आहे. पुस्तकातला धडा अडखळत वाचणारं ते पोरगं घरच्या सातबाऱ्यावर आजोबाचं नाव दिसलं तेव्हा पुढची ओळ वाचायला धडपडत होतं. वाचायला शिकवायचंच असेल तर त्याच्या घरचा कागद धडा म्हणून वापरायला काय हरकत आहे?

एक विनंती मात्र आहे. याला गुण ठेवू नका. गुण आले की गाईड येईल, गाईड आलं की 'सातबाऱ्याचे पाच फायदे लिहा' येईल.

आणि दुसरी विनंती वेळेची. बाईंनी पुढच्या वर्षी मला डिसेंबरात बोलावलं होतं, स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात. मीच नको म्हणालो. दसरा झाला, दिवाळी आली की आमच्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. आई-बापाबरोबर कारखान्यावर गेलेली लेकरं मार्च-एप्रिलशिवाय परत येत नाहीत, आणि उचलीची नोटरी तर त्याच्याही आधी, पावसाळ्यातच होऊन जाते. डिसेंबरात वर्गात उरतात ती, ज्यांच्या घरी सातबारा आहे. आता आमचा तास जुलैच्या शेवटच्या शनिवारी असतो. यंदा बाईंनी पालकांनाही बोलावलंय, आणि उचल घेताना ठेवायच्या वहीचं पहिलं पान गणिताच्या सरांनी आखून झेरॉक्स करून ठेवलंय. तारीख, फड, टन, दर, खाडा, सही.